चहा की सहा?

"आप्पा, चहा घेणार?"

"सहा कुठले? सात वाजून गेले."

एप्रिलमधली संध्याकाळ होती. हॅरोमधल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते. डोक्यावर चिमणी घरघरत होती, डिशवॉशर चालू होता, टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. आप्पांचं उत्तर ऐकून आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले, पण जरा उशिरा, आमच्या तोंडांकडे बघून.

आप्पा म्हणजे माझे वडील. वाईला ३६ वर्षं गणित शिकवलं. आई गेल्यापासून तिथे एकटेच राहतात. लेकीच्या घरी सहा महिने राहणं त्यांना पटत नव्हतं, पण पुण्याच्या दादाने तिकीटच काढून दिलं.

पहिल्या महिन्यात अशा उत्तरांचं हसू आलं, दुसऱ्यात काळजी वाटू लागली. जेवताना आम्ही गणपतीच्या कार्यक्रमाबद्दल बोलत असलो तर ते मध्येच वाईच्या पाण्याच्या टाकीवर बोलायचे. दोनदा सांगितलेलं त्यांना ठाऊकच नसायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. जेवण झालं की ताट उचलून ठेवायचं आणि खोलीत जायचं.

रात्री दादाशी फोनवर बोलायचे. त्याचंही मत तेच. "वय झालं गं त्यांचं. आता एकटं ठेवणं बरं नाही." बोलता बोलता आम्ही वाईचं घर बंद करायचं आणि पुण्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात नाव घालायचं, इथपर्यंत येऊन पोचलो. दादाने दोन ठिकाणी चौकशीही केली. आप्पांना यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये लेकीची शाळेची परीक्षा होती. तिला इतिहासात वैद्यकशास्त्राचा इतिहास आहे. एका रात्री दूध घेऊन तिच्या खोलीकडे गेले, तर आप्पा तिच्या टेबलाशी समोर बसलेले. ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, शब्द शोधत, सावकाश त्यांना डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट सांगत होती.

१८५४ साली ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. त्या एवढ्याशा वस्तीत सहाशेहून अधिक माणसं गेली. कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी मानत. स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. कोण कुठे मेलं, ते कुठलं पाणी प्यायचे, याची त्यांनी दारोदार फिरून चौकशी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती झाले होते.

आप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एवढ्याने सिद्ध होत नाही. पंपाभोवतीची हवाही एकच असणार. पंपाजवळ राहूनही जे वाचले त्यांचं काय? आणि लांब राहून कोणी मेलं का?"

मी दारातच थांबले. स्नो यांनी नेमकं तेच शोधलं होतं. पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसं होती, त्यांतली फक्त ५ दगावली. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतले सत्तरेक कामगार वाचले. त्यांना प्यायला बिअर मिळायची आणि भट्टीची विहीर वेगळी होती. उलट, कित्येक मैल लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीतून ते पाणी मागवायची. हवा एक असून माणसं वाचली, हवा वेगळी असून बाई गेली. म्हणजे दोष पाण्याचाच.

दुधाचा पेला ठेवून बाहेर आले, तर लेक मागोमाग आली. म्हणाली, "आई, आजोबा फक्त किचनमध्ये विसरतात. माझ्या रूममध्ये नाही."

आपण म्हणतो ना, ट्यूब पेटली! वाईच्या घरातली जुनी ट्यूबलाइट बटण दाबल्यावर दोन-चार वेळा फडफडायची आणि मग लख्ख लागायची. माझ्या डोक्यात दोन महिने नुसती फडफड चालली होती.

यालाच इंग्रजीत 'इनसाइट' म्हणतात. मराठीत अंतर्दृष्टी म्हणा, मर्मदृष्टी म्हणा. मला साधा 'उमज' हा शब्द आवडतो. वोल्फगांग कोलर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ १९१३ मध्ये टेनेरिफ बेटावर गेले आणि त्यांनी तिथल्या चिंपांझींवर प्रयोग केले. सुलतान नावाच्या चिंपांझीला पिंजऱ्याबाहेरचं केळं हवं होतं, पण हातातल्या दोन काठ्यांपैकी एकही तिथवर पोचत नव्हती. बराच वेळ खटपट करून त्याने नाद सोडला. मग काठ्यांशी सहज खेळताना त्या एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी जाड काठीच्या पोकळ टोकात खुपसली आणि धावत जाऊन केळं ओढून घेतलं. नवी वस्तू काहीच मिळाली नव्हती. दोन्ही काठ्या आधीपासून हातातच होत्या.

माझ्याही हातात होत्या. एक काठी म्हणजे स्वयंपाकघरातला गोंगाट, दुसरी म्हणजे आप्पांची भलतीच उत्तरं. लाजेची गोष्ट अशी की सॉफ्टवेअरमधले दोष शोधणं हीच माझी नोकरी. ऑफिसात तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारते, "हे कधी होत नाही?" घरी तो प्रश्न मला सुचलाच नाही. कारण घरी माझ्याकडे उत्तर तयार होतं, 'वय झालं'. १८५४ मध्ये 'हवा वाईट' हे जसं तयार होतं, तसंच. हातात तयार उत्तर असलं की माणूस अपवादांकडे बघत नाही.

पण उमज पडली म्हणजे ती खरीच असते असं नाही. कैकदा ती नुसती हुशारीची चूक असते. म्हणून स्नो दारोदार हिंडले. मीही शनिवारी तपासून पाहिलं. चिमणी आणि टीव्ही बंद करून, समोर बसून चहाचं विचारलं. "अर्धा कप, साखर कमी," हे उत्तर आलं. पाठीमागून तोच प्रश्न हळू आवाजात विचारला, तर उत्तरच नाही. मग त्यांच्या खोलीत बसून दोन गोष्टी सांगितल्या, चुलतभावाच्या लग्नाची तारीख आणि विमानाची वेळ. दुसऱ्या दिवशी दोन्ही अचूक सांगितल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचे कान तपासून घेतले. कागदावर आलेख आला. डावीकडे, म्हणजे खालच्या पट्टीत, रेघ बरी होती. उजवीकडे, उंच पट्टीत, ती घसरगुंडीसारखी खाली आली होती. वयाबरोबर बहुधा असंच होतं, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. आणि गोंगाटात तर मुळीच नाही. तपासणाऱ्या बाई समजावत होत्या, तेवढ्यात आप्पांनी आलेख स्वतःच वाचला. "म्हणजे मला स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात." चहाचा सहा कसा झाला, ते तेव्हा कळलं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "आप्पा, ऐकू येत नाही हे तुम्ही बोलला का नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोललो असतो, तर तुम्ही दोघांनी मला वाईला एकटं राहू दिलं असतं?"

मी गप्प बसले. आम्हाला त्यांच्याबद्दल जे दोन महिन्यांत उमजलं नाही, ते त्यांना आमच्याबद्दल केव्हाच उमजलं होतं. त्या रात्री मी दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या त्या दोन्ही ठिकाणी नको म्हणून कळवतो."

श्रवणयंत्रं आली. ऑगस्टमध्ये आम्ही तिघं सोहोत पंप बघायला गेलो. ब्रॉड स्ट्रीटला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे जुन्या पंपाची प्रतिकृती उभी आहे, मुद्दाम दांड्याशिवाय. ८ सप्टेंबर १८५४ रोजी स्नो यांच्या सांगण्यावरून दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती. पण पुढे तो दांडा परत बसवला गेला, कारण त्यांचं म्हणणं अधिकाऱ्यांना पटलं नव्हतं. १८५८ मध्ये स्नो वारले, तेव्हाही ते सर्वमान्य झालेलं नव्हतं.

लेकीने हे सांगितल्यावर मी हळूच मान खाली घातली. श्रवणयंत्रं आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी ओट्याकडे तोंड करून, चिमणी चालू ठेवून, आप्पांना हाका मारत होते! श्रवणयंत्राने कान तरुण होत नाहीत. गोंगाट त्यातूनही नडतोच. उमज क्षणात पडते, पण ती अंगवळणी पाडायला रोज चिमणी बंद करावी लागते. आता जेवताना आमच्याकडे टीव्ही लागत नाही, आणि एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम आहे. तो सर्वांत जास्त मीच मोडते.

या दिवाळीत तुम्हीही व्हिडिओ कॉलवर आईवडिलांशी बोलाल. फराळाच्या गडबडीत, पाच जण एकदम. त्यांनी भलतंच उत्तर दिलं तर लगेच 'वय झालं' म्हणू नका. एकदा शांत खोलीत, उजेडात चेहरा ठेवून, सावकाश बोलून पाहा. कान आणि स्मृती दोन्ही कमी झालेली असू शकतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवायला हवंच. पण कान आधी तपासा. स्मृतीची चाचणीसुद्धा बरीचशी प्रश्न ऐकूनच द्यायची असते.

आप्पा सप्टेंबरअखेर वाईला गेले. काल फोनवर त्यांना विचारलं, "यंत्रं लावता ना?"

"लावतो तर. दोन वर्षं मी घड्याळ बघून गॅस बंद करत होतो," ते म्हणाले. "आता कुकरच्या शिट्ट्या मोजतो."