जमावाचा गुन्हा आणि माणसाची जबाबदारी

'लोकांनी मारले' हे वाक्य बोलण्यात पुरेसे असते. न्यायालयात मात्र लगेच प्रश्न येतो : कोणत्या लोकांनी?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारे आल्याची अफवा उठली आणि भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. आपल्या अकोले तालुक्यातही डोंगरपाडे आहेत, बाजार भरतात, परगावचे भिक्षेकरी येतात. म्हणून हा प्रश्न आम्हांस दूरचा वाटत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ मधील तत्त्व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० मध्ये आले आहे. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावाने समान उद्दिष्टासाठी गुन्हा केला, किंवा त्या उद्दिष्टापायी असा गुन्हा घडण्याचा संभव जमावास ठाऊक होता, तर गुन्हा घडतेवेळी जमावात असलेला प्रत्येक जण दोषी ठरतो. 'माझा हात लागला नाही' एवढ्याने सुटका होत नाही. दहा जणांत वाटला म्हणून खुनाचा दोष दशांश होत नाही.

मग गलका ऐकून थबकलेला बाजारकरूही गुन्हेगार काय? नाही. जमाव कशासाठी जमला हे ठाऊक असून जो बुद्ध्या त्यात शिरतो वा राहतो, तोच त्याचा घटक होय. गावच्या वैरातून निरपराध्यांची नावेही गोवली जातात. १९६४ साली मसलती खटल्यात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या : प्रत्येकाने वार केला हे सिद्ध करावयास नको, परंतु आरोपी पुष्कळ असतील तेथे दोन-तीन साक्षीदारांच्या सुसंगत जबानीचा आधार असावा, ही कसोटी त्यांनी मान्य केली.

'गुन्हा घडतेवेळी' या शब्दांत नागरिकाला एक वाटही ठेवली आहे. चिथावणी देऊन निसटणाऱ्याला ती मोकळी नाही. पण जो वेळीच बाहेर पडतो, त्याच्या माथी पुढचा खून येत नाही. त्याने तेथून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविले, तर भिक्षेकऱ्याचा जीवही वाचेल.