बाहुल्यांची वकिलात

1924 साली अमेरिकेच्या काँग्रेसने परदेशांतून वस्तीस येणाऱ्यांविषयी जो कायदा संमत केला, त्यात जपानचे नाव घेतलेले नव्हते. परंतु ज्यांस नागरिकत्व मिळू शकत नाही अशांस देशाचे दार बंद, असे जे कलम त्यात घातले गेले, त्याचा रोख कोणावर आहे हे टोकियोच्या कचेरीतील अदना कारकूनही जाणत होता. या अपमानाने व्यथित झालेल्या अमेरिकनांत सिडनी गुलिक हे एक होते. 1888 ते 1913 एवढा काळ मिशनरी म्हणून जपानात काढलेल्या या गृहस्थांनी जपान्यांस समान वागणूक मिळावी म्हणून वर्षानुवर्षे लेखणी झिजवली होती, आणि वडीलधाऱ्यांची मने वळत नाहीत असे दिसून आल्यावर त्यांनी आपला मोर्चा मुलांकडे वळवला.

जपानात 3 मार्चला ‘हिनामात्सुरी’ हा बाहुल्यांचा सण असतो. चैत्रगौरीपुढे आपण आरास मांडतो तशा तेथे घरोघर पायऱ्यांच्या मखरात बाहुल्या मांडतात. या सणाचे निमित्त साधून, चर्चसंस्थांच्या महासंघाच्या आश्रयाने स्थापन झालेल्या बालमैत्री समितीने अमेरिकेतील मुलामुलींना आवाहन केले, आणि 1927 च्या सणापर्यंत बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानच्या किनाऱ्यास लागल्या. कपडे पुष्कळशा मुलींनी स्वतः शिवले होते. प्रत्येक बाहुलीला नाव होते, सोबत पत्र होते, आणि ज्या देशाच्या कायद्याने हाडामांसाच्या जपानी माणसास परवाना नाकारला त्याच देशातून निघालेल्या या प्रवाशांजवळ पारपत्र व आगबोटीचे तिकीट होते. हा उपरोध गुलिक यांनी जाणून योजला की काय, कोण जाणे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा तो अधिक बोलका होता.

पण या प्रकरणाचे खरे मोल जपानने दिलेल्या उत्तरात आहे. उद्योगपती शिबुसावा एइइची त्या वेळी ऐंशी ओलांडून गेले होते. त्यांच्या पुढाकाराने जपानी शाळांतून वर्गणी निघाली, आणि दर मुलीमागे एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा हिस्सा, अशा क्षुद्र रकमेतून वीस लाखांहून अधिक मुलींचा हात लागून 58 बाहुल्या घडल्या. नामांकित कारागिरांनी घडवलेल्या, रेशमी किमोनो ल्यालेल्या, सुमारे 32 इंच उंचीच्या या बाहुल्या प्रांत, महानगरे आणि तत्कालीन वसाहती यांच्या वकील म्हणून 1927 अखेर अमेरिकेत पोहोचल्या, गावोगाव फिरल्या आणि पुढे संग्रहालयांत विसावल्या. दात्याने दिले आणि याचकाने हात जोडले, असे येथे झाले नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याहून सरस दिले, आणि त्यायोगे दोघेही एका पायरीवर आले. समितीने पुढे मेक्सिकोस दप्तरे आणि फिलिपिन्सला भेटींच्या पेट्या धाडल्या. पण जपानच्या प्रकरणाची सर त्यांना आली नाही.

युद्ध काही या बाहुल्यांनी टळले नाही. 1943 च्या सुमारास जपानात निळ्या डोळ्यांची ही अमेरिकन पाहुणी शत्रूची हस्तक ठरली. वृत्तपत्रांतून तिच्या नाशाचा पुकारा झाला, आणि शाळाशाळांच्या पटांगणांत त्या जाळण्यात वा बांबूच्या भाल्यांनी भोसकण्यात आल्या. तरीही काही शिक्षकांनी जिवावर उदार होऊन त्या माळ्यावर, अडगळीत दडवल्या. सरकारच्या दप्तरी जी ‘शत्रूची बाहुली’ होती, ती त्या एका शाळेत नावानिशी ओळखीची होती; माझ्या अंदाजाने तिच्या बचावाचे कारण हेच. अशा तीनशेंहून अधिक बाहुल्या पुढील दशकांत उजेडात आल्या. गुलिक 1945 साली वारले; त्यांच्या नातवाने व नातसुनेने कालांतराने जपानी शाळांस नव्या बाहुल्या पाठवण्याचा क्रम आरंभिला.

आपला या कथेशी लांबून का होईना संबंध येतो. युद्धकाळात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती उपाशी ठेवून मारले गेले होते; युद्धानंतर तेथील मुलांनी पंडित नेहरूंस पत्रे लिहून हत्ती मागितला, आणि 1949 साली म्हैसूरची एक हत्तीण, नेहरूंच्या कन्येचे ‘इंदिरा’ हे नाव घेऊन, तेथे दाखल झाली. ही भेट माझी नव्हे, भारतातील मुलांची आहे, अशा आशयाचे पत्र नेहरूंनी सोबत दिले. भावना थोर खरी. परंतु ती भेट सरकारी होती, आपल्या शाळांतून त्यासाठी वर्गणीची थाळी फिरली नव्हती, आणि एका सेनच्या तोलाचे त्यात काही नव्हते असे म्हटल्यावाचून राहवत नाही. मागण्याचे काम मुलांनी केले, देण्याचे मात्र वडिलांनी उरकले. हत्तीण 1983 पर्यंत तेथे नांदली.

आज परदेशी शाळांशी संधान बांधू पाहणाऱ्या आपल्याकडील मुख्याध्यापकांस म्हणून एवढीच विनंती, की संस्थेच्या खात्यावरून धनादेश फाडण्यापूर्वी त्यांनी मुलांच्या हाती सुईदोरा द्यावा, वर्गणी खाऊच्या पैशांतून येऊ द्यावी, आणि तिकडून जे येईल ते ठेवण्यास शाळेतील एक कपाट आधीच मोकळे करून ठेवावे.