खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय

खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय म्हणजे समुद्री मासे व इतर सागरी जीव पाळण्यासाठी काचेच्या टाकीत निर्माण केलेला लहान प्रमाणावरील सागरी अधिवास होय. गोड्या पाण्याच्या टाकीच्या तुलनेत त्याची उभारणी अधिक काटेकोर असते. मात्र लहान आकार, साधी उपकरणे आणि मोजके मासे यांची निवड केल्यास ती कमी खर्चातही शक्य होते.

इतिहास

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या मत्स्यालयामुळे अनेक मराठी कुटुंबांना सागरी जीवांचे पहिले दर्शन घडले.

जैविक तत्त्व

माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो व तो माशांना घातक असतो. टाकीतील जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे तुलनेने कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे न सोडता कच्च्या कोळंबीचा लहान तुकडा ठेवतात. त्याच्या कुजण्यातून जिवाणूंना अमोनिया मिळतो. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पहिला मासा सोडला जातो. पहिल्याच दिवशी मासे सोडणे हे नव्या टाकीतील मासे मरण्याचे एक प्रमुख कारण आहे.

पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे 100 लिटरच्या टाकीसाठी सुमारे साडेतीन किलो सागरी क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकातील मीठ त्याऐवजी चालत नाही. ते मुख्यतः सोडियम क्लोराइड असून त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात.

सिंधुदुर्गासारख्या किनारी जिल्ह्यात समुद्राचे पाणी आणून हा खर्च वाचवता येतो. परंतु बांदा गावाजवळून वाहणाऱ्या तेरेखोलसारख्या नदीच्या खाडीतील पाणी यासाठी योग्य नसते. खाडीची क्षारता भरती-ओहोटीनुसार बदलते व पावसाळ्यात ती फार घटते. म्हणून पाणी कोरड्या ऋतूत, भरतीच्या वेळी, बंदर व नदीमुख यांपासून दूर असलेल्या खुल्या किनाऱ्यावरून घेतात. ते कापडातून गाळून, झाकलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात काही दिवस अंधारात ठेवतात. तांब्याचा हंडा किंवा कळशी वापरणे टाळले जाते, कारण तांब्याचा अल्प अंशही कोळंबी, प्रवाळ इत्यादी अपृष्ठवंशी जीवांना मारक ठरतो.

बाष्पीभवनाने पाणी घटते, क्षार मात्र टाकीतच राहतात. त्यामुळे घटलेल्या पाण्याची भरपाई क्षारविरहित गोड्या पाण्याने करतात, खाऱ्या पाण्याने नव्हे.

साहित्य आणि खर्च

फार लहान टाकी स्वस्त असली तरी तिच्यातील तापमान व क्षारता झपाट्याने बदलते. नवशिक्यासाठी 80 ते 100 लिटरची टाकी सोयीची मानली जाते. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोंहून अधिक होत असल्याने तिला भक्कम बैठक लागते. जुनी टाकी, साधा दिवा व टांगता फिल्टर यांवर काटकसर करता येते. क्षारतामापक आणि अमोनिया-नायट्राइट चाचणीसंच यांवर मात्र करता येत नाही. कोकणातील उष्ण हवेत तापक सहसा लागत नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापू नये म्हणून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडतात. पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होत असल्याने बॅटरीवर चालणारा हवापंप उपयुक्त ठरतो. स्थानिक जांभा दगड लोहयुक्त असल्यामुळे तो टाकीत वापरत नाहीत.

माशांची निवड

संवर्धन केंद्रात जन्मलेले क्लाउनफिश टाकीतील जीवनास व खाद्यास सरावलेले असतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. 100 लिटरच्या टाकीत अशी एक जोडी पुरेशी असते. समुद्रातून पकडलेले मासे स्वस्त मिळाले तरी पकडण्याच्या व वाहतुकीच्या ताणामुळे त्यांचे मृत्युप्रमाण अधिक असू शकते.

कायदेशीर मर्यादा

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे टाकीच्या सजावटीसाठी किनाऱ्यावरून किंवा समुद्रतळावरून प्रवाळखडक आणणे हा गुन्हा ठरतो. मृत प्रवाळाचाही त्यास अपवाद नाही. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिक वापरतात.

निगा

दर आठवड्यास सुमारे दहा टक्के पाणी बदलल्यास नायट्रेट मर्यादेत राहते. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच देतात. नको झालेले मासे खाडीत किंवा समुद्रात सोडणे टाळले जाते, कारण त्यांच्याबरोबर रोगजंतू व परक्या जाती स्थानिक परिसंस्थेत शिरू शकतात.