वितरित संगणन आणि फलनाधारित आज्ञालेखन

फलनाधारित आज्ञालेखन (फंक्शनल प्रोग्रॅमिंग) ही संगणकाची आज्ञावली गणितातील फलनांच्या रूपात मांडण्याची पद्धती आहे. जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांनी एकच काम वाटून घेऊन पार पाडणे, यास वितरित संगणन म्हणतात. आदेशप्रधान पद्धतीत स्मृतीतील मूल्ये पायरीपायरीने बदलली जातात. फलनाधारित पद्धतीत दिलेल्या मूल्यांपासून नवी मूल्ये तयार होतात व मूळ मूल्ये तशीच राहतात. या गुणधर्मामुळे ही पद्धती वितरित संगणनास उपयुक्त ठरली आहे.

पार्श्वभूमी

या पद्धतीचा पाया अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेची रचना सुरू केली. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्मृतीतील एकेक मूल्य बदलत जाणाऱ्या आज्ञालेखनावर टीका करून फलनाधारित शैलीचा पुरस्कार केला. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी दूरध्वनी यंत्रणांसाठी अर्लँग भाषा विकसित केली. तीत प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र असते व प्रक्रिया केवळ संदेशांद्वारे संपर्क साधतात. एक प्रक्रिया बंद पडल्यास तिच्यावर देखरेख ठेवणारी दुसरी प्रक्रिया तिला पुन्हा सुरू करते. व्हॉट्सॲपची सर्व्हर यंत्रणाही याच भाषेत लिहिली गेली.

उपयुक्ततेची कारणे

वितरित संगणनात दोन अडचणी प्रमुख असतात. पहिली म्हणजे अनेक संगणकांनी एकच मूल्य एकाच वेळी बदलल्यास उत्तर चुकते. दुसरी म्हणजे काम चालू असताना एखादा संगणक किंवा जाळे बंद पडू शकते. मूल्ये अपरिवर्तनीय असल्यास पहिली अडचण उद्भवत नाही. शुद्ध फलन समान मूल्यांसाठी नेहमी समान उत्तर देते. त्यामुळे अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या संगणकावर नव्याने करता येते व दुसरी अडचणही दूर होते.

उदाहरण

समजा, कन्हान नदीच्या खोऱ्यातील चार पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी दोन संगणकांवर ठेवल्या आहेत. पहिल्या संगणकावर ४०, ६० व ५० मिलिमीटर, तर दुसऱ्यावर ९० मिलिमीटर अशा नोंदी आहेत. सर्वाधिक पाऊस काढताना प्रत्येक संगणक आपापले कमाल मूल्य, म्हणजे ६० व ९०, कळवतो. त्यांतील मोठे मूल्य ९० हे योग्य उत्तर होय.

सरासरीबाबत मात्र हीच रीत चुकीची ठरते. पहिल्या संगणकाची सरासरी ५० व दुसऱ्याची ९० येते. या दोहोंची सरासरी ७० आहे, पण चारही केंद्रांची खरी सरासरी ६० आहे. म्हणून प्रत्येक संगणकाने बेरीज व नोंदींची संख्या अशी जोडी पाठवावी लागते. (१५०, ३) आणि (९०, १) यांच्या एकत्रीकरणातून (२४०, ४) ही जोडी मिळते व त्यावरून ६० हे उत्तर येते. कोणत्याही गटवारीने एकत्र केले तरी उत्तर न बदलण्याच्या या गुणधर्मास साहचर्य म्हणतात.

याउलट, प्रत्येक संगणकाने एका सामाईक बेरजेत थेट भर घातली आणि पहिल्याचे काम बिघाडामुळे दोनदा झाले, तर बेरीज २४० ऐवजी ३९० होईल. पुराचा इशारा अशा आकड्यांवर अवलंबून असल्यास ही चूक गंभीर ठरू शकते.

मॅपरिड्यूस आणि स्पार्क

गूगलमधील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मॅपरिड्यूस ही रचना प्रसिद्ध केली. लिस्प व इतर फलनाधारित भाषांतील मॅप आणि रिड्यूस या क्रियांपासून तिची प्रेरणा घेतलेली आहे. मॅप प्रत्येक नोंदीवर स्वतंत्रपणे फलन लावते, तर रिड्यूस आलेली उत्तरे एकत्र करते. हडूप ही तिची मुक्तस्रोत आवृत्ती २००६ पासून स्वतंत्र प्रकल्प म्हणून विकसित झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झालेला स्पार्क हा प्रकल्प प्रामुख्याने स्काला भाषेत लिहिलेला आहे. त्यात प्रत्येक माहितीसंच कोणत्या क्रियांनी तयार झाला याची वंशावळ जपली जाते आणि गहाळ झालेला भाग तिच्या आधारे पुन्हा तयार केला जातो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. ट्रान्सप्युटर प्रक्रियकांवर आधारलेल्या या यंत्रात प्रत्येक घटकाची स्मृती स्वतंत्र होती व घटकांमधील देवाणघेवाण संदेशांद्वारे होत असे. हे यंत्र फलनाधारित भाषांसाठी बनवलेले नव्हते; तथापि सामाईक स्मृतीविना काम वाटण्याचा प्रश्न त्यातही मूलभूत होता.

मर्यादा

खात्यातून रक्कम वळती करणे किंवा लघुसंदेश पाठवणे अशा क्रिया बाह्य जगात बदल घडवतात. त्या दोनदा घडल्यास परिणामही दोनदा होतो. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखावी लागते. चालू वेळ किंवा यादृच्छिक संख्या वापरणारे फलन शुद्ध राहत नाही. दशांश संख्यांची संगणकीय बेरीज क्रमानुसार किंचित बदलू शकते. नवी मूल्ये निर्माण करण्यास अधिक स्मृती लागते, आणि जाळ्यावरून माहिती वाहून नेण्याचा वेळ कोणत्याही पद्धतीत टळत नाही.

हेही पहा

समांतर संगणन, लॅम्डा कलन, अर्लँग, हडूप, परम महासंगणक