'थोडी घेतली तर चालते' : तीस मिलिग्रॅमचा हिशोब



जानेवारी महिन्यात रस्ता सुरक्षेविषयी आम्ही नववी-दहावीच्या मुलांशी बोलत होतो. हेल्मेट, परवाना, एका गाडीवर तिघे बसणे असे नेहमीचे विषय झाले. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, थोडी घेऊन गाडी चालवली तर चालते ना? कायद्यातच तीसपर्यंत माफ आहे, असं आमचे काका म्हणतात." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे हळद असो, जत्रा असो, चोर्ला घाटातून गोव्याला केलेली सहल असो, मोठी माणसे हेच बोलतात आणि मुले ऐकत असतात. म्हणून थोडे वाचन केले, थोडे गणित केले. ते या अंकात सर्वांपुढे ठेवत आहोत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याचे कलम १८५ दारू पिऊन वाहन चालवण्याविषयी आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर तो गुन्हा ठरतो. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा पकडल्यास पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आपण सीमाभागात राहतो. सकाळी खासबागेतून निघालेला माणूस दुपारी कोल्हापुरात आणि संध्याकाळी पणजीत असू शकतो. पिण्याच्या वयाचे नियम राज्याप्रमाणे बदलतात. महाराष्ट्रात दारूसाठी २५ वर्षे, गोव्यात २१. मात्र वाहन चालवण्याची ही मर्यादा केंद्राच्या कायद्यातली आहे. निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे ती सारखीच.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत मर्यादेला 'सीमा' म्हणतात. सीमा म्हटली की तिच्या आत सर्व ठीक आणि बाहेर गेले की धोका, असे वाटू लागते. शरीराला मात्र अशी रेघ माहीत नसते. गुन्हा कुठे धरायचा हे ठरवण्यासाठी कायद्याला एक आकडा लागतो, म्हणून तीस. तीसच्या आत सुरक्षित, असे कायद्याने कुठेही म्हटलेले नाही. जगात हा आकडा एकसारखाही नाही. इंग्लंडमध्ये ८० आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २०१४ मध्ये ८० वरून ५० केला. नॉर्वेने १९३६ मध्येच ५० ठरवला होता, तो २००१ मध्ये २० वर आणला. बदल बहुधा खालच्या दिशेनेच झालेले दिसतात.

तीस म्हणजे किती?

हे गणित आठवीच्या मुलालाही येईल. एका लहान पेगमध्ये ३० मिलिलिटर व्हिस्की असते. त्यात सुमारे ४३ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनाने जवळपास १० ग्रॅम. हे अल्कोहोल रक्तात मिसळून शरीरातल्या पाण्यात सर्वत्र पसरते. पुरुषाच्या बाबतीत ते वजनाच्या साधारण ६८ टक्के भागात पसरते, असे धरून हिशोब करतात. साठ किलोचा माणूस असेल तर हा भाग सुमारे ४१ किलो, म्हणजे शंभर-शंभर ग्रॅमचे ४१० वाटे. आता १० ग्रॅमचे दहा हजार मिलिग्रॅम या ४१० वाट्यांत वाटा. प्रत्येक वाट्याला सुमारे २४ मिलिग्रॅम येतात. एकाच लहान पेगमध्ये माणूस तीसच्या उंबरठ्यावर पोचला. दुसरा पेग घेतला की पार.

बिअरला पुष्कळजण दारू मानतच नाहीत. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घ्या. त्यात ४१ ग्रॅम अल्कोहोल. ४१० वाट्यांत वाटले तर शंभर मिलिग्रॅम. एका बाटलीत मर्यादेच्या तिप्पट! स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून तेवढ्याच दारूत त्यांचा आकडा आणखी वर जातो. वजन, पोटातले जेवण, पिण्याचा वेग यांमुळे हे आकडे थोडे मागेपुढे होतात. मथितार्थ बदलत नाही.

रात्रीची सकाळी असते

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. यकृत अल्कोहोलचे विघटन करते, पण आपल्या गतीने. साधारण तासाला १५ मिलिग्रॅम. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही रक्तातले अल्कोहोल लवकर उतरत नाही. आंघोळीने माणूस जागा होतो, एवढेच.

समजा, रात्री साडेनऊला बसून एखाद्याने वरच्यासारख्या दोन बाटल्या घेतल्या. म्हणजे एकूण दोनशे मिलिग्रॅम. सकाळी साडेसात वाजता दहा तास झाले. दहा गुणिले पंधरा म्हणजे दीडशे उतरले. पन्नास शिल्लक! हा गृहस्थ झोपून उठला आहे, चहा झाला आहे, कपाळाला गंधही लावले आहे. त्याच्या मते रात्रीचे रात्री संपले. कायद्याच्या मते तो अजून गुन्हेगार आहे, आणि त्याच्या मागच्या सीटवर दप्तर घेतलेले मूल बसले आहे.

'थोडी तब्येतीला चांगली' हे कुठून आले?

हा समज केवळ पिणाऱ्यांनी पसरवला असे नाही. काही काळ संशोधनही तसे बोलत होते. १९६४ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहरातील अपघातांचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त प्यायलेल्यांचे अपघात जास्त, हे त्यात दिसलेच. पण अगदी थोडी घेतलेल्यांचे अपघात मुळीच न घेतलेल्यांपेक्षा कमी, असेही दिसले! पुढे उलगडा झाला. 'न घेतलेल्या' गटात नवशिके व फार वयस्क चालक आणि दारूची सवय नसलेले लोक मिसळले होते. 'थोडी घेतलेल्या' गटात सवयीचे, अनुभवी चालक जास्त होते. सारख्या सवयीच्या माणसांची आपसांत तुलना केली, तेव्हा पहिल्या घोटापासूनच धोका चढताना दिसला.

आरोग्याच्या बाबतीतही तेच घडले. माफक पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात, असे अनेक पाहण्यांत दिसे. पण 'न पिणाऱ्यांत' आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात होते. पहिलवानाची तुलना रुग्णाशी केली तर पहिलवानाच्या हातातली बाटलीही औषध वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. दारू कर्करोगाला कारण होते. वाद पूर्ण मिटला आहे असे मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाने माफक पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे नोंदवले. त्याच अहवालाने स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही सांगितले. प्रौढांनी याचा विचार आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. पण लक्षात घ्या, हा सगळा वाद तब्येतीविषयी आहे. गाडीच्या बाबतीत असा वाद उरलेला नाही.

आपल्याच मुलखातल्या दोन घटना

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे बांधकामावरचे मजूर झोपले होते. सात जण दगावले, आठ जखमी झाले. चालक तरुणाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वरचे गणित पुन्हा पाहा. ११२ हा आकडा गाठायला साठ किलोच्या माणसाला एका स्ट्राँग बिअरवर अर्धा पेग पुरेसा होतो.

दुसरी घटना ताजी आहे. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि पार्टी करून निघाला होता. त्याला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. पालकांनी येथे एक कलम ध्यानात ठेवावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय वाहनाची नोंदणी एक वर्षासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

आमची चूक आणि शाळेचा निर्णय

आता एक कबुली. मागच्या एका स्नेहसंमेलनाच्या रात्री एक पालक मुलीला न्यायला आले. तोंडाला वास येत होता. आम्हाला तो आला, वर्गशिक्षकांनाही आला. पण चारचौघांत त्यांचा अपमान कसा करायचा, म्हणून आम्ही गप्प राहिलो. मुलगी गाडीवर मागे बसली, आमच्याकडे एकदा पाहिले आणि गेली. त्या रात्री काही झाले नाही. ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे. तिने तसे का पाहिले, हे आम्हाला आजही आठवते.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक नियम मान्यतेसाठी ठेवत आहोत. दारू घेतलेल्या व्यक्तीच्या वाहनावर शाळा मुलाला पाठवणार नाही, सकाळी असो वा रात्री. अशा वेळी पालकांना बसवून चहा देऊ, घरातील दुसऱ्या माणसाला फोन करू किंवा रिक्षा बोलावू. रिक्षाचे भाडे शाळा देईल. कोणाचे नाव सूचनाफलकावर लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. वडील असोत, काका असोत, मित्राचा दादा असो; वास आला तर गाडीवर बसू नका. "मी चालत येतो" म्हणा, "शाळेत थांबतो" म्हणा. हा उद्धटपणा नाही. यावरून कोणी रागावले तर आमचे नाव सांगा.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मित्राला राहिलेले उत्तर : नाही बाळ, थोडीही चालत नाही. तीस हा पोलिसांच्या यंत्रातला आकडा आहे. गाडीच्या किल्लीसाठी आपला आकडा शून्य. काकांनाही हे सांग, आणि हा अंक घरी सर्वांना वाचून दाखव.