बँकरप्सीतला घरखर्च

बँकरप्सी हा शब्द आपल्या मंडळींत कुणी मोठ्याने उच्चारत नाही. पण नोकरी गेली किंवा घरातले कुणी आजारी पडले, की क्रेडिट कार्डांचा डोंगर व्हायला वर्षसुद्धा लागत नाही. कायद्याचा आधार घेणे हा काही गुन्हा नव्हे. अर्जानंतर घर कसे चालवायचे, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत पगारदार माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. चॅप्टर ७ मध्ये बरीचशी कर्जे काही महिन्यांत माफ होतात, मात्र त्याला उत्पन्नाची अट आहे. चॅप्टर १३ मध्ये ३ ते ५ वर्षे ट्रस्टीकडे दरमहा हप्ता भरावा लागतो. कसोटी लागते ती इथे.

कोर्टाला उत्पन्न ‘शेड्यूल आय’वर आणि खर्च ‘शेड्यूल जे’वर दाखवायचा असतो. पुष्कळजण संकोचापोटी खर्च कमी लिहितात. असे करू नये. किराण्याला ७०० डॉलर्स लागत असताना ५०० लिहिले, तर उरलेले २०० हप्त्यात धरले जातात आणि चार-सहा महिन्यांत हप्ता थकतो. हप्ते थकत गेले तर केस निकालात निघते आणि वसुलीचे फोन पुन्हा सुरू होतात. (राज्याच्या मध्यम उत्पन्नापेक्षा मिळकत जास्त असेल, तर अन्न-कपड्यांसाठी आयआरएसने ठरवलेले आकडे धरतात.) म्हणून आधी मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या मांडून बसावे. वर्षातून एकदाच येणारे खर्च हमखास विसरतात: टायर, दातांचे डॉक्टर, मुलांची शाळेची खरेदी. वर्षाचे १,८०० होत असतील तर महिन्याला १५० बाजूला पडलेच पाहिजेत.

आता चैनीबद्दल. ‘शेड्यूल जे’वर करमणूक, क्लब, मासिके व पुस्तके यांसाठी वेगळी ओळ आहे. तेव्हा मंडळाची वर्गणी किंवा महिन्याकाठी एखादा सिनेमा लपवायचे कारण नाही, फक्त रक्कम बेताची हवी. देणग्यांनाही वेगळी ओळ आहे. मात्र अर्जाच्या आठवड्यात उपजलेली भक्ती ट्रस्टीला पटणे कठीण! भारतात आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही तिथे दाखवावेत आणि बँकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. ‘मेव्हण्याचे हातउसने तरी आधी फेडू’ हा विचार आपल्या रीतीला धरून असला, तरी अर्जापूर्वीच्या एका वर्षात नातेवाइकांना फेडलेली रक्कम ट्रस्टी त्यांच्याकडून परत मागू शकतो. म्हणजे मेव्हण्यालाच मनस्ताप. दुसरे, अर्जापूर्वीच्या ९० दिवसांत एकाच कार्डावर ९०० डॉलर्सहून जास्त (१ एप्रिल २०२५ पासूनचा आकडा) चैनीची खरेदी झाली, तर ती फसवणूक समजली जाते आणि ते कर्ज माफ होत नाही असे धरले जाते. दिवाळीच्या बांगड्या कार्डावर घेण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

चॅप्टर १३ चालू असताना नवे कर्ज परवानगीशिवाय घेता येत नाही. भारताच्या तिकिटांचे पैसे आधी साठवावे लागतात, आणि घरी वृद्ध माणसे असतील तर ही साठवण चैनीत मोडत नाही. मध्येच पगार घटला, तर वकिलामार्फत हप्ता बदलून मागता येतो. पण वकिलाला फोन हप्ता थकण्याआधी करावा, नंतर नव्हे.