सुरती रुपयाचा करारनामा

चलनांचा परस्परांशी असलेला भाव स्थिर राहावा म्हणून शेजारची राष्ट्रे आज आपसांत करार करतात, परकीय गंगाजळीत भागीदारी ठेवतात आणि अडचणीच्या वेळी एकमेकांस उसनवार देतात, हे वाचताना ही सारी आधुनिक अर्थशास्त्राची करामत आहे असा समज होतो. पण अठराव्या शतकात सुरतेचा नवाब आणि मुंबईचे इंग्रज सरकार यांच्यात याच जातीचा एक करार झाला होता, आणि तो ज्या रीतीने निष्फळ ठरला ती रीत आजच्या अर्थमंत्र्यांनीही अभ्यासावी अशी आहे.

दोन्ही टांकसाळींचे रुपये बरोबरीच्या भावाने चालावेत आणि त्यांचा कस उभयतांनी राखावा, असे ठरले. हेतू उघड होता: दोन बंदरांतील देवघेवीत दर वेळी सराफाने नाणे कसोटीस लावून बट्टा कापावा, ही स्थिती व्यापारास मारक होती. पूर्वीच्या सुरती रुपयात हीण शेकडा सव्वाच्या आसपास असे. आता नवाबाच्या रुपयांत ते दहा, बारा, क्वचित पंधरापर्यंत आढळू लागले. भाव मात्र कराराने बरोबरीचाच! तेव्हा मुंबईचे शंभर रुपये वितळवावेत, ती चांदी सुरतेच्या टांकसाळीत द्यावी आणि शंभराहून अधिक रुपये मोजून घ्यावेत, हे गणित व्यापाऱ्यांस कोणी शिकवावे लागले नाही. मुंबईचे रुपये बाजारातून नाहीसे झाले आणि तेथे चांदीचे नाणे पाडणे वीस वर्षे बंद राहिले. अखेर १८०० साली, म्हणजे सुरतेचा कारभार कंपनीने हाती घेतला त्याच वर्षी, शेकडा सुमारे आठ हीण असलेला सुरती रुपयाच मुंबईत पाडण्याचा हुकूम सुटला. कस राखण्याची प्रतिज्ञा उभयतांनी केली होती, पण तो मोडणाऱ्यास जाब विचारण्याची तजवीज चालली नाही.

असे असूनही सरकारे या वाटेस पुन्हा पुन्हा का जातात? कारण ज्यांचा माल परदेशी जातो त्यांचे भावाच्या हेलकाव्यांनी हाल होतात. आजच्या सुरतेतील वराछ्याच्या हिरे-कारखानदाराला कच्चा हिरा डॉलर मोजून घ्यावा लागतो, पैलू पाडलेला डॉलरनेच विकावा लागतो, आणि मधल्या काळात रत्नकलाकारांची मजुरी रुपयांत चुकती करावी लागते; उधारीच्या मुदतीत भाव फिरला की हातातला नफा निसटतो. शिवाय एकाने आपले चलन स्वस्त केले की त्याचा माल परक्या बाजारात स्वस्त होतो आणि प्रतिस्पर्ध्यासही तोच मार्ग धरावासा वाटतो. याहून भयंकर असते ती घबराट. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाहतचा बांधलेला भाव सोडला, आणि काही महिन्यांतच इंडोनेशिया व दक्षिण कोरिया यांच्या चलनांचीही दाणादाण उडाली. एकट्याचा खजिना अशा वेळी अपुरा पडतो, या अनुभवातून २००० साली पूर्व आशियाई देशांचा परस्पर उसनवारीचा चियांग माईचा करार निघाला. त्याची रक्कम पुढे २४० अब्ज डॉलरपर्यंत वाढली. तिच्यातून आजवर कोणी एक डॉलरही उचललेला नाही. बहुतांश रकमेसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या शर्ती पाळाव्या लागतात, आणि त्या पत्करण्यास कोणतेही सरकार सहसा राजी नसते.

आपल्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्क देशांसाठी दोन अब्ज डॉलरच्या उसनवारीची सोय केली. तिला सहकार्य म्हणतात खरे. वस्तुतः देणारा एक आणि घेणारे अनेक अशी ती सावकारी आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ती निदान चालते तरी. जानेवारी २०२२ मध्ये श्रीलंकेस तिच्यातून ४० कोटी डॉलर मिळाले. त्याने आयातीची देणी भागवण्यास थोडी उसंत लाभली, परंतु मूळ दुखणे कर्जाचे होते. मार्चमध्ये तेथील रुपयाचा धरून ठेवलेला भाव सोडावा लागला आणि १२ एप्रिल रोजी कोलंबोने परकीय कर्जाची फेड स्थगित केल्याचे जाहीर केले. २०२४ पासून या सोयीत भारतीय रुपयांची २५,००० कोटींची निराळी खिडकी उघडली आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मालदीवने डॉलरांबरोबर ३,००० कोटी रुपयांचाही करार केला.